एका फोडाची वारी

विश्वास उडाला वगैरे काही नव्हतं. उडायला अंगात जीव लागतो. माझा नुसता बसला होता, भाता फाटलेल्या पेटीसारखा. एकवीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवतोय, त्यामुळे हीच उपमा सुचणार. बोटं आपापली चालतात, गाणं आपोआप संपतं, लोक 'छान झालं' म्हणतात. 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादरांनी सगळ्यांकडून बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा म्हणवून घेतली. "सैतानाला नाकारता का?" "होय, नाकारतो." मीही म्हणालो. त्या वेळी डोक्यात चाललं होतं, की काळी पाचची पट्टी चिकटतेय, दुरुस्तीला नगरला न्यावी की नाशिकला.

रोममध्ये 24 डिसेंबरला पोप फ्रान्सिस यांनी पवित्र दार उघडलं, 29 तारखेला आपल्याकडे धर्मप्रांतात ज्युबिली वर्ष, म्हणजे क्षमेचं आणि यात्रेचं पवित्र वर्ष, सुरू झालं. दर पंचवीस वर्षांनी येणारं. मागच्या वेळी, 2000 साली, मी तेवीस वर्षांचा होतो. पुढच्या वेळी त्र्याहत्तर. फादरांनी जाहीर केलं, संगमनेरहून नाशिकरोडच्या बाल येशूच्या देवळाला पायी जायचं, तेव्हा मी भक्तीचा नव्हे, गुडघ्यांचा हिशेब केला आणि नाव दिलं. बायको म्हणाली, "दुकानापर्यंत गाडी काढता तुम्ही." त्यावर मी नवे बूट घेतले. हा एकच निर्णय पुढचे तीन दिवस महाग पडणार होता.

19 जानेवारी, रविवार. सकाळच्या मिस्सेत काना गावच्या लग्नाचं शुभवर्तमान होतं. द्राक्षारस संपतो, मरिया पोराला सांगते, सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरले जातात. फादर छान बोलले असावेत. मी गणिताचा मास्तर, मी हिशेबात अडकलो. एकेक रांजण अंदाजे शंभर लिटरचा धरला तरी पाच-सहाशे लिटर पाणी. नळ नव्हता. कुणीतरी विहिरीवरून खेपा घातल्या असणार, आणि ऐन लग्नात घातल्या असणार. त्या चाकरांच्या खांद्यांबद्दल कुणी प्रवचन देत नाही.

अकरा जण निघालो. दोन सिस्टर, कॉलेजची तीन पोरं, एक निवृत्त एसटी मेकॅनिक, काही घरच्या बाया आणि भोंगेवाले काका. काकांचा भोंगा बॅटरीवरचा, भंगारवाल्याच्या गाडीवर असतो तसला. घुलेवाडी सुटायच्या आत जपमाळेच्या प्रार्थनेतली गौरवाची पाच रहस्यं संपवून ते पुन्हा पहिल्यावर आले होते. आमच्या तोंडात 'आमेन'चा 'मेन' असतानाच त्यांची पुढची 'नमो मरिये' सुरू व्हायची. मध्येच भोंगा कुंई करायचा. मी दोनदा सांगितलं, "काका, जरा सावकाश." ते भोंग्यातूनच म्हणाले, "मास्तर, वाट लांब आहे." शेजारून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, दोन-दोन जोडलेल्या, ट्रॅक्टरवर फुल आवाजात गाणी. त्या आवाजाला टक्कर द्यायला काका आणखी जोर लावायचे. कऱ्हे घाटात अंधार पडला आणि भोंग्याची बॅटरी संपली. देवाचे आभार मानले, आणि त्या दिवसातली माझी मनापासूनची प्रार्थना तेवढीच.

नांदूर शिंगोट्याला शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. थंडी फार होती.

दुसऱ्या दिवशी दोडी मागे पडली आणि डाव्या पायाच्या अंगठ्यामागे काहीतरी जिवंत झालं. आधी खडा असेल वाटलं. बूट झटकला, खडा नव्हता. मोजा काढला तर चवड्यावर टपोऱ्या द्राक्षाएवढा फोड, आत पाणी हलतंय. मोजा परत चढवला. बघितलं नसतं तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर प्रत्येक पाऊल मला दिसायला लागलं. पायाची बाहेरची कड टेकवत चाललो, मग घोटा दुखायला लागला. सिस्टरांनी लिंबू-मिठाचं पाणी दिलं, "येशूच्या वेदनांना जोडा" म्हणाल्या. मी मान हलवली. मनात म्हटलं, त्याच्या पायात नवे बूट नव्हते. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा असंच सुचलं होतं.

हळूहळू सगळे पुढे गेले. दूरवर भोंगा ऐकू येत होता तोवर मी त्यांच्यात होतो, मग तोही गेला. दीड वाजला असेल. चौपदरी रस्ता, झाडं रुंदीकरणात गेलेली, सावली म्हणजे फक्त पुलाखाली. बाजूच्या वावरात बाया ओणव्याने कांदा लावत होत्या. मला वाटलं, आता एसटीला हात करावा आणि गुपचूप घरी जावं. कुणालाच नवल वाटलं नसतं. मला तर मुळीच नाही.

रस्त्याला लागून एक वस्ती होती. अंगणात भगवे झेंडे भिंतीला टेकवून ठेवलेले, टाळांचा ढीग, पंगत उठलेली. पौष वद्य एकादशी पाच दिवसांवर आली होती, निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला निघालेली दिंडी तिथे जेवायला थांबली होती. मी फाटकापाशी उभा राहिलो तर एक आजी म्हणाल्या, "मागं ऱ्हायला काय माऊली? या, पिठलं हाय अजून."

माझ्या हातात जपमाळ होती. ती मी खिशात टाकली.

का टाकली ते मला तेव्हाच कळत होतं. भूक लागली होती. समजावून सांगायचा कंटाळा होता. आणि हल्ली 'तुम्ही कोण' याचं उत्तर देण्याआधी समोरच्याचा चेहरा वाचायची सवय लागली आहे, तीही होती. जेवलो. भाकरी, पिठलं, वर कच्चा कांदा बुक्कीने फोडून. वस्तीवरची सून डोक्यावर हंडा घेऊन यायची, ओसरीतल्या रांजणात ओतायची, परत जायची. दिंडीतल्या सत्तर-ऐंशी माणसांनी रांजण दोनदा तळाला नेला असणार. पाणी मागितलं तर तिने तांब्या बुडवून सरळ माझ्या हातात दिला. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावात पाणी वरून ओतलं जायचं आणि खाली ओंजळ धरायची, भांड्याला हात लागला तर मार. मी तांब्या उंच धरून पाणी तोंडात सोडायला लागलो, ते शर्टवर सांडलं. "तोंड लावा की," ती म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

आजींचं लक्ष माझ्या पायाकडे होतं. "बूट काढा."

"राहू द्या, बरं आहे."

"लंगडं बैल बरं म्हनत आसतं व्हय? काढा."

काढला. त्यांनी माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मी कळवळून मागे ओढला, त्यांनी घट्ट धरला. माझ्या पायाला घामाचा वास येत होता, मोजाची लोकर बोटांत अडकली होती, नखं वाढलेली. असा पाय मी बायकोलाही दाखवला नसता. पाण्याने धुतला, पदराने टिपला. मग कनवटीच्या पिशवीतून सुई काढली, काडी ओढून टोक तापवलं, पांढरा दोरा ओवला. फोडाच्या एका कडेने सुई आत, दुसऱ्या कडेने बाहेर. दुखलं नाही. दोरा आरपार तसाच ठेवून दोन्हीकडे बोटभर टोकं सोडली आणि कापला. दोऱ्यावरून पाणी ठिपकायला लागलं. वर खोबरेल तेलात कालवलेली हळद.

"दोरा वढू नगा. कातडी बी काढू नगा. पानी आपसूक येतं."

(आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी नंतर ऐकून कपाळावर हात मारला. दोऱ्याने जंतू आत जातात, असं करू नका म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे.)

उठायला म्हणून वाकलो आणि खिशातून जपमाळ पडली. लाकडी मणी, टोकाला क्रूस. आजींनीच उचलली. मणी बोटांवर फिरवून पाहिले.

"ही तुळशीची न्हाई."

"नाही. मी दिंडीतला नाही, आजी. आम्ही नाशिकरोडला चाललोय. बाल येशूला."

"ते लेकराचं देऊळ? माझी धाकली सून जाऊन आली तिथं." माळ माझ्या हातात ठेवली. "मग खिशात का ठिवली? पडंल ना."

एवढंच. रागावल्या नाहीत, सर्व देव एकच असलंही काही बोलल्या नाहीत. पुढच्या पायाकडे वळल्या, एक पोरगा त्याची टाच घेऊन रांगेत बसला होता. मी "जय ख्रिस्त" म्हणू की "रामकृष्णहरी" या गोंधळात नुसते हात जोडले. घरी आम्ही मरियेला मतमाऊली म्हणतो, हरेगावच्या यात्रेत घसा बसेपर्यंत म्हणतो. त्या बाईंना 'माऊली' म्हणायला मात्र माझी जीभ उचलली नाही. त्यांनी मला दोनदा म्हटलं होतं.

गोंदे, समृद्धीचा तो अवाढव्य पूल, मग सिन्नर. त्या वाटेवर मी रडलो, कशासाठी ते नीट सांगता येणार नाही. नंतर एका टपरीवर चहा घेतला, तो गोडमिट्ट होता आणि वीस रुपये घेतले, त्याचा राग सिन्नरपर्यंत पुरला. गोंदेश्वराचं देऊळ पोरं बघून आली. मी पाय वर करून पडलो होतो.

तिसऱ्या दिवशी मोहदरी घाट उतरताना लक्षात आलं की भोंगा गप्प आहे. मंगळवार, दुःखाची रहस्यं, म्हणजे काकांचा खास वार, आणि आवाज नाही. मागे वळून पाहिलं तर काका पायाची बाहेरची कड टेकवत चालले होते. ती चाल मला पाठ होती. शिंदे टोलनाक्याच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर मी त्यांना बसवलं. "काही नाही रे, खडा आहे." खडा नव्हताच. एका सिस्टरकडे बटणासाठी सुईदोरा होता. काकांचा पाय मी मांडीवर घेतला. टाच फुटलेली, भेगांत डांबर. माझा हात थरथरत होता, पहिल्यांदा सुई कातडीला घासून गेली आणि काका ओरडले. भोंगा त्यांच्या गळ्यात चालूच होता, त्यामुळे ती शिवी सबंध टोलनाक्याने ऐकली. सिस्टर हसून हसून खाली बसल्या. दुसऱ्यांदा जमलं.

"कुठे शिकलास?" काकांनी विचारलं.

"काल. एका वारकरी आजींकडे."

"बरं बुवा," काका म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "दुखतंय हं मास्तर."

पळसे गेलं, नाशिकरोड आलं. 1987 साली, नाशिक धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला त्या वर्षी, वडील मला इथे पहिल्यांदा घेऊन आले होते. तेव्हा फेब्रुवारीतली यात्रा होती आणि मला फक्त गर्दी आणि साखरेची चित्रं आठवतात. आज मंगळवार, यात्रेला अजून तीन आठवडे, मंडपाचे बांबूसुद्धा आले नव्हते. डाव्या हातात पृथ्वीचा गोल धरलेलं, उजवा हात आशीर्वादाला उचललेलं, राजाचा झगा घातलेलं लेकरू. मूळची मूर्ती तिकडे प्रागमध्ये, 1628 साली कार्मेल मठाला दिलेली, तीही जेमतेम दीड फुटाची. एवढ्याशा पोरासमोर मोठी माणसं काय काय मागतात. मी काय मागायचं ठरवून आलो होतो ते आठवेना. पायातला दोरा मळून पिवळा झाला होता, तो फरशीला चिकटत होता. मिस्सेत पेटीवर दुसराच कोणीतरी होता आणि सूर चढा लावत होता. मला राग आला नाही म्हणणं खोटं होईल. पण एकवीस वर्षांनी प्रथमच बाकावर बसून गाणं म्हणायला मिळालं. विश्वासांगीकाराला, म्हणजे 'मी विश्वास ठेवतो' हे सगळे मिळून म्हणतात तेव्हा, सगळ्यांच्या मागून, एक शब्द उशिरा पोचत होतो.

संध्याकाळची संगमनेरची एसटी मिळाली. जे अंतर तीन दिवस चाललो ते दीड-पावणेदोन तासांत मागे जात होतं. काका माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते, भोंगा मांडीवर. सिन्नर सुटल्यावर मी काच बाजूला केली आणि डोळे ताणून बसलो. अंधारात दोन-तीन वस्त्या गेल्या. एका ओसरीत बल्ब होता, खाली काहीतरी गोल, काळं दिसलं. रांजण असेल, नाहीतर टायर. दोडीचा फाटा आला तेव्हा कळलं, पुढे निघून आलोय.