बीटची पावती हातात आणि मिक्सटेप 'रिव्ह्यू'मध्ये

रॅप गाण्यांची मिक्सटेप, म्हणजे गाण्यांचा संच, काढली म्हटल्यावर लोक मला भलतंच विचारतात. यमकं कशी सुचतात, नाशिकमध्ये बसून मराठी रॅप ऐकतं कोण, घरचे काही बोलत नाहीत का. घरचे बोलतात, पण त्यांचं ऐकून घेता येतं. ज्या डिस्ट्रिब्युटरकडून गाणी स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक वगैरेंवर जातात, त्यांच्या सपोर्टवाल्यांचं काय करायचं ते अजून मला कळलेलं नाही. नाव घेत नाही. पैसे भरलेत, वर्ष संपायचंय.

लिहिणं आणि रेकॉर्डिंग पटकन सांगून टाकते. सात गाणी. चार बीट, म्हणजे रॅपमागे वाजणारं संगीत, अंबडला राहणाऱ्या एका मित्राने बनवून दिले, तीन मी ऑनलाइन विकत घेतले. रेकॉर्डिंग घरीच केलं. लोखंडी कपाटाची दोन्ही दारं उघडून त्यांवर आजीच्या गोधड्या टाकल्या, मधल्या जागेत माईक. ऐन मे महिन्यात पंखा बंद. मराठीत 'भ' आणि 'फ' जोरात आले की माईकवर हवेचा धपका बसतो, म्हणून भरतकामाच्या रिंगमध्ये नायलॉनचा मोजा ताणून पुढे लावला. दुकानातला पॉप फिल्टर यापेक्षा फार वेगळं काही करत नाही. मिक्सिंग मित्रानेच केलं. त्याने आवाज उगाच फुगवला नाही हे बरं झालं. स्पॉटिफाय सगळ्यांचा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून ठेवतं, मग शेवटची फाइल कितीही ठोकून भरा, ऐकणाऱ्याकडे तो खालीच येतो.

खरा घोळ विकत घेतलेल्या तिघांपैकी एका बीटने घातला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑनलाइन बीट बहुतेक वेळा लीजवर, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायला, मिळतो. स्वस्त लीजमध्ये एमपीथ्री फाइल, त्याहून महाग घेतली की डब्ल्यूएव्ही, म्हणजे जास्त चांगल्या दर्जाची फाइल, आणखी वर गेलं की ड्रम, बेस, मेलडी सुटे सुटे मिळतात. किती स्ट्रीमपर्यंत चालेल, व्हिडिओ काढता येईल का, पैसे घेऊन स्टेजवर गाता येईल का, हे लायसन्समध्ये लिहिलेलं असतं आणि ते वाचायचं असतं. सगळ्यात वर एक्सक्लुझिव्ह. ते घेतलं की विकणारा तो बीट पुढे कुणाला देत नाही. बाकी सगळ्या लीजमध्ये तोच बीट आणखी पन्नास जणांकडे असू शकतो आणि ते पूर्णपणे कायदेशीर असतं. यूट्यूबवर 'फ्री' लिहिलेल्या बीटचा प्रकार वेगळा. तिथे फ्री म्हणजे बहुतेकदा कमाई न करता वापरा, एवढंच. मी डब्ल्यूएव्ही लीज घेतली होती. पैसे भरल्याची पावती होती, लायसन्सचं पीडीएफ होतं, दोन्हींवर तारीख होती.

सगळी गाणी मी आधी यूट्यूबवर प्रायव्हेट चढवून पाहिली. ही सवय सगळ्यांनी लावून घ्या. चढवतानाच 'चेक्स' नावाचा टप्पा येतो आणि कॉपीराइटचा काही मामला असला तर जगाला दिसायच्या आत तुम्हाला कळतो. सहा गाण्यांना हिरवी टिक आली. सातव्याला क्लेम, म्हणजे यातलं काही आमचं आहे असा दुसऱ्याचा दावा. उघडून बघते तर ब्राझीलमधल्या कुणा रॅपरचं पोर्तुगीज गाणं. बीट तोच. त्याच्या डिस्ट्रिब्युटरने त्याचं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे चढवलेले व्हिडिओ नोंदवलेल्या गाण्यांशी जुळवून बघणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, टाकलेलं. आता यंत्राला बीट तेवढा ऐकू येतो, त्यावर मराठीत कोण बोलतंय आणि पोर्तुगीजमध्ये कोण, हे त्याच्या गावी नाही. नियम असा की लीजवरच्या बीटचं गाणं कंटेंट आयडीत टाकायचंच नसतं, कारण तो बीट एकट्याचा नाही. पण फॉर्ममध्ये त्याची एक चौकोनी खूण असते, 'जास्त कमवा' छापाचं काहीतरी लिहिलेली, आणि लोक ती करून मोकळे होतात.

मी डिस्प्युट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकला. कारणांमध्ये 'लायसन्स' निवडलं, पावतीचा नंबर आणि लायसन्सची तारीख लिहिली. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. नाही दिलं तर क्लेम आपोआप उतरतो. त्याने नाकारलं तर अपील करता येतं, पण तिथून पुढे प्रकरण टेकडाउन (व्हिडिओ काढून टाकणं) आणि स्ट्राइकपर्यंत (चॅनेलवर ठपका) जाऊ शकतं, तेव्हा कागद पक्के असल्याशिवाय अपीलच्या वाटेला जाऊ नका. माझे पक्के होते. म्हटलं, होईल.

तेवढ्यात इकडे डिस्ट्रिब्युटरने अख्खी मिक्सटेप अडकवली. त्यांच्याकडेही फाइल जुळवणारं यंत्र असतं, त्यालाही तो ब्राझीलवाला सापडला. एका गाण्यापायी सातही गाणी 'अंडर रिव्ह्यू'. मेल आला: या रेकॉर्डिंगचे हक्क तुमच्याकडे असल्याचा पुरावा द्या. दिला. उत्तर आलं: लायसन्सवरचं नाव आणि कलाकाराचं नाव जुळत नाही. कसं जुळेल? लायसन्सवर माझं आधारवरचं नाव आणि कव्हरवर स्टेजचं. रॅपमध्ये आधारवरच्या नावाने कोण फिरतं? ते समजावून लिहिलं, आधारची प्रत जोडली. मग म्हणाले, विकणाऱ्याची ओळख पटत नाही. त्याचंही तेच: दुकानाचं नाव एक, माणसाचं दुसरं. त्यानंतर जे आलं ते पहिलंच पत्र, शब्दनशब्द, खाली फक्त सही दुसऱ्याची. तहसीलच्या खिडकीवर निदान समोर माणूस तरी असतो, साहेब जेवायला गेलेत हे तरी कळतं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. दर वेळी नवा मेल पाठवला की नवं तिकीट तयार होतं आणि तुम्ही परत रांगेच्या शेवटी. जुन्याच मेलला उत्तर द्यायचं, विषयाची ओळ बदलायची नाही. हे मला त्यांनी सांगितलं नाही, एका पुण्याच्या पोराने सांगितलं. तोही असाच लटकलेला होता.

मला राहून राहून हसू यायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. ब्रॉन्क्समधल्या पार्ट्यांच्या कॅसेट हातोहात फिरायच्या, तिथपासून मिक्सटेपची चाल दुसऱ्याच्या बीटवर आपलं म्हणणं मांडायची. अमेरिकन रॅपर ५० सेंटला २००० साली गोळ्या लागल्या, रेकॉर्ड कंपनीने सोडून दिलं, तेव्हा तो लोकांच्या गाजलेल्या बीटवर रॅप करून टेप रस्त्यावर सोडत राहिला आणि २००२ मध्ये एमिनेम आणि डॉ. ड्रे या बड्या रॅपर-निर्मात्यांपर्यंत पोचला. परवानगी कुणाची घेतली होती? नंतर जानेवारी २००७ मध्ये अटलांटात मिक्सटेप काढणाऱ्या डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर धाड पडली, हजारो सीडी जप्त झाल्या. ते निदान दुसऱ्याचे बीट होते. मी पैसे मोजून घेतलेल्या बीटसाठी चौकशीला उभी.

गाडी हलली ती दोन गोष्टींनी. पहिली, बीट विकणाऱ्याकडून मी एक पानी पत्र मागवलं. त्यात त्याचं खरं नाव, दुकानाचं नाव, माझं खरं नाव, स्टेजचं नाव, बीटचं नाव, माझ्या गाण्याचं नाव आणि खरेदीची तारीख, सगळं एकाच कागदावर. त्याने दुसऱ्याच दिवशी पाठवलं. भला माणूस. बीट घ्याल त्याच दिवशी हे पत्र मागून ठेवा, विकणारा तेव्हा खुशीत असतो.

दुसरी, त्या ब्राझीलच्या पोराला इन्स्टावर शोधून मेसेज केला. इंग्रजीत तोही कच्चा, मीही. क्लेम त्याच्या नावाने लागलाय हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने लगेच त्याच्या डिस्ट्रिब्युटरला कळवून गाणं कंटेंट आयडीतून काढून घेतलं आणि यूट्यूबवरचा क्लेम मुदतीच्या आधीच उतरला. वर माझं गाणं ऐकून आगीचे इमोजी पाठवले. त्याचं गाणं मीही ऐकलं. हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, त्याचा सरस आहे, काय करणार.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांना गाणं सुचवायचं तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं, तेही मिक्सटेपमधलं एकच, आणि फाइल त्यांच्याकडे पोचल्याशिवाय ते पानच उघडत नाही. माझी फाइल रिव्ह्यूत, त्यामुळे ती संधी गेली. कॉलेज रोडवरच्या कॅफेतला मिक्सटेपचा कार्यक्रमही, गाणी अडकलेली असतानाच, ठरल्या तारखेला झाला. स्टिकरवर क्यूआर कोड छापला होता. नशीब, लिंक मागून बदलता येईल असा कोड घेतलेला. तो त्या रात्री यूट्यूबच्या अनलिस्टेड, म्हणजे लिंक असणाऱ्यालाच दिसणाऱ्या, प्लेलिस्टकडे वळवला आणि पोरांनी तिथेच ऐकलं. साधा कोड छापला असता तर चारशे स्टिकर रद्दीत.

कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं ठेवा आणि त्यावर इन्स्टाचा पत्ता किंवा कुठला लोगो टाकू नका, त्यावरूनही परत पाठवतात. आणि मित्राचा बीट असला तरी कोणाचे किती टक्के हे आधी लिहून सह्या करून घ्या. आमचं आम्ही पोहे खाताना पाठकोऱ्या कागदावर केलं, फोटो काढून दोघांच्या मेलवर ठेवला. तेवढं पुरतं.

२०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात. माझी मिक्सटेप मंगळवारी दुपारी लाइव्ह झाली, मी ड्युटीवर असताना, कुणालाही न सांगता. डिस्ट्रिब्युटरचा मेल त्यानंतर दोन दिवसांनी आला, तुमचं प्रकरण विचाराधीन आहे म्हणून.