समोरच्याने डिपर मारला तर थांबायचं

आपल्या रस्त्यावर समोरून डिपर (हेडलाइटची क्षणभर लुकलुक) आला की त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: ‘मी निघालोय, तू थांब.’ इंग्लंडात गाडी चालवून आलेली मंडळी इथे हमखास गोंधळतात. तिकडे दिवे लुकलुकवून ‘आधी तुम्ही जा’ म्हणायची पद्धत पडली आहे. तिथल्या सरकारी हायवे कोडला मात्र तीही मान्य नाही. त्यात म्हटलंय की दिवे फक्त ‘मी इथे आहे’ एवढंच कळवायला मारा, दुसऱ्या कशाला नको.

नाशिकच्या गंगापूर रोडला दुभाजकाच्या कटमधून यू टर्न घेताना हा फरक अंगाशी येतो. ताशी 60 ने येणारी गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर कापते. तिने 50 मीटरवरून डिपर मारला तर तुमच्याकडे जेमतेम तीन सेकंद असतात, आणि डिपर मारणाऱ्याचा पाय तेव्हा ब्रेकवर नसतो, ॲक्सिलरेटरवर असतो. खरंच वाट देणारा माणूस आधी वेग कमी करतो. गाडीचं नाक खाली झुकलेलं दिसलं, तरच निघायचं.

यापेक्षा फसवा इशारा म्हणजे पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर. पेठ रोडला किंवा दिंडोरी-वणीच्या दुपदरी रस्त्यावर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात: ‘मी उजवीकडे वळतोय’, ‘समोरून गाडी येतेय, घुसू नको’ आणि ‘रस्ता मोकळा आहे, जा’. एकाच दिव्याचे हे तीन अर्थ, त्यातले दोन एकमेकांच्या अगदी उलट. म्हणून दिव्यापेक्षा चाकं बघा. ट्रक मधल्या पट्ट्याकडे सरकत असेल तर तो वळणार किंवा स्वतःच ओव्हरटेक करणार. डावी चाकं साईडपट्टीकडे गेली आणि डावा इंडिकेटर लागला, तर तो बहुधा साईड देतोय. तरीही समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत बाहेर पडायचं नाही.

साईड मागायची असेल तर 30-40 मीटर मागे राहून दोन छोटे डिपर द्या. पार बुडाला चिकटून डिपर मारण्यात काही अर्थ नाही. त्याच्या आरशात तुम्ही दिसतच नाही, आणि त्याच्या पलीकडचं तुम्हालाही दिसत नाही. अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) लावून मागे मागे जाणारे तर समोरच्याला आंधळं करून त्याच्याकडूनच रस्ता मागत असतात! सावळघाटासारख्या वळणांवर रात्री डिपरचा खरा उपयोग होतो, कारण गाडी दिसायच्या आधी तिचा झोत दरडीवर पडतो. दिवसा तिथे हॉर्नच हवा.

दिवसाढवळ्या समोरून येणाऱ्या दोन-तीन गाड्यांनी ओळीने डिपर दिला तर पुढे काहीतरी आहे: पोलीस, उलटलेला कांद्याचा ट्रॅक्टर, गुरं. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे खानदेशातून पायी येणारे जथे रस्त्याच्या कडेने चालत असतात, तेव्हा हा इशारा मोलाचा ठरतो. पाचही बोटं मिटून-उघडून कोणी दाखवलं तर ‘तुझा लाइट चालू आहे’. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असताना पेटताच राहतो, त्यांना ते सांगून काही उपयोग नाही.

आता चारी इंडिकेटर. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं उतरलं की निम्म्या गाड्या चारी इंडिकेटर लावून पळत असतात. बऱ्याच गाड्यांत ते चालू असताना डावा-उजवा इंडिकेटर वेगळा दाखवताच येत नाही. शिवाय तुमची अर्धी गाडी दुसऱ्या गाडीमागे झाकली गेली तर मागच्याला एकच बाजू लुकलुकताना दिसते आणि तुम्ही वळताय असं त्याला वाटतं. चालत्या गाडीला हेडलाइट डिम आणि फॉग लाइट पुरे. चारी इंडिकेटर असतात ते बंद पडलेल्या, टो होणाऱ्या किंवा अडथळा होईल अशा जागी उभ्या गाडीसाठी. चौकात ‘मला सरळ जायचंय’ हे सांगायला ते लावणाऱ्यांना काय म्हणावं! गाडी महामार्गावर बंद पडली तर धोक्याचा लाल त्रिकोण निदान 50 मीटर मागे, जमलं तर 100. ताशी 80 ने येणारा 50 मीटर सव्वादोन सेकंदांत संपवतो.

रुग्णवाहिकेच्या लुकलुकत्या दिव्याबाबत तर चर्चाच नको. वाट अडवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-ई खाली 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

स्वतःच्या गाडीचा दिवा खोटं बोलतोय का, हेही बघायला हवं. इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवा. एकच बाजू दुप्पट वेगाने टिकटिकत असेल तर त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा 21 वॅटचा बल्ब उडालाय. लोड कमी झाल्याचं इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला कळतं आणि तो पळू लागतो. जुन्या दुचाकींत उलटंही होतं, उरलेला दिवा लुकलुकत नाही, नुसता पेटून राहतो. नवा बल्ब घेताना जुना सोबत न्या. पिवळ्या काचेच्या बल्बच्या बुडावरच्या दोन टाचण्या नेमक्या समोरासमोर नसतात, एक जरा सरकलेली असते. साधा पांढरा बल्ब तिथे बसत नाही आणि जोर लावला तर होल्डर मोडतो.

हौसेने एलईडी बसवले तरी तीच टिकटिक सुरू होते, कारण त्यांचा लोडच थोडा. एलईडीला चालणारा फ्लॅशर रिले घातला की काम होतं. रिले वेगळा नसलेल्या नव्या गाड्यांत लोड रेझिस्टर लावतात, तो चटका बसेल इतका तापतो. तो वायरिंगला टेपने गुंडाळायचा नाही, पत्र्यावर स्क्रूने कसायचा.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटत असेल तर बल्ब बदलत बसू नका. मागच्या दिव्याची अर्थिंग गेलीय. तिचा बोल्ट सोडा, वायरचं टोक आणि पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, घट्ट कसा आणि वरून थोडं ग्रीस लावा.