नागपूरच्या महालात, बाबांच्या मागे मागे

रविवार, श्रावण

सकाळी पाऊस उघडला तसे बाबा चप्पल घालून दारात उभे. "चला, पोरीले महाल दाखवतो." गाडी नको म्हणाले. मेट्रोनं चितार ओळी चौकात उतरलो आणि तिथून पायीच.

चितार ओळी म्हणजे मूर्तिकारांची गल्ली, या हंगामात चालायला जागा नाही. दोन्ही बाजूंना गणपती, पण एकाचेही डोळे रंगवलेले नव्हते. एका दुकानात नुसते हातच फळीवर वाळत ठेवलेले, वर पंखा फिरत होता. माझी पोरगी तिथेच खिळली. "आबाजी, गणपतीले डोळे नसले तर तो आपल्याले पाहून राहिला का?" बाबांनी उत्तर टाळलं, पोह्यांच्या ठेल्याकडे वळले. तर्री, म्हणजे पोह्यांवरचा झणझणीत रस्सा, त्यांना डॉक्टरांनी बंद केली आहे. आईनं तोंड फिरवलं, तेवढ्यात त्यांनी दोनदा घालून घेतली.

या भागाला नाव देणारा मूळ महाल म्हणजे भोसल्यांचा राजवाडा. काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीचा. १८५४ साली इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि दहा वर्षांनी, १८६४ ला, तो वाडा जळाला. उरला नगारखाना. आपण मात्र अजून रिक्षावाल्याला 'महाल' म्हणूनच सांगतो.

बडकस चौकातून पुढे बाबांचा वेग वाढला. त्यांच्या जन्माची भाड्याची खोली इकडेच. एका बोळात शिरले, बाहेर आले, पुन्हा शिरले. तिसऱ्यांदा एका दुकानासमोर थांबले. शटरच्या बाजूला भिंतीत दगडी कोनाडा होता, त्यात आता विजेचं मीटर. "दिवा लावत होती माय इथं," एवढंच म्हणाले. दुकानदार विचारायला लागला, काय पायजे? बाबांनी उगाच एक कंगवा विकत घेतला. त्यांच्या डोक्यावर केस किती, ते न लिहिलेलं बरं.

गांधीगेटला पोरीनं मला अडवलं. दरवाजा आहे, मग भिंत कुठाय? हा जुना जुम्मा दरवाजा. गोंड राजा बख्त बुलंद शहानं वसवलेल्या गावाला त्याच्यानंतरच्या चांद सुलतानानं तट बांधला, त्या तटाचा. बाबांचं उत्तर सोपं होतं, "गाव मोठं झालं, मंग भिंत कायले पायजे?" पण बर्डीला (सीताबर्डी) निघाले की अजूनही तेच म्हणतात, "दरवाज्याबाहेर जाऊन येतो."

मग वारांचा खेळ सुरू झाला. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी; सगळे जुने बाजार. "आन गुरुवारी?" पोरगी. "गुरुवारी घरी बसाचं."

गांधीसागरला (बाबांचा जुम्मा तलाव) कठड्यावर टेकलो तेव्हा दुपार झाली होती. बाबांनी मारबतीचं, म्हणजे मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्याचं, काढलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. काळी म्हणजे इंग्रजांना जाऊन मिळालेली भोसल्यांची राणी बाकाबाई, असं लोक सांगत आले. खरं-खोटं तलावालाच माहीत. गावातली रोगराई, महागाई सगळं तिच्यासोबत हाकलून द्यायचं. पोरीनं लगेच ठरवलं, गणिताचा गृहपाठ पाठवायचा.

परतताना मेट्रोचा सरकता जिना बंद. बाबा कठड्याला धरून एकेक पायरी चढत होते आणि मागून ऐकू येत होतं, "गुडघेदुखी घेऊन जाय गे मारबत!" आई त्यांच्या मागेच होती. म्हणाली, "आन तर्रीपण."