मानमोडी, बाजारातला कोंबडा अन् शंभर डोसची बाटली

दोन वर्षांआधीची गोष्ट, मार्च महिना, कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उपटणं चालू होतं. सकाळी सकाळी मायनं खुराड्याचं फळकूट सरकवलं अन् मला हाक मारली, "अरे इकडं ये, हे कवडी कोंबडी पाह्य बरं, काऊन अशी मान फिरवून राह्यली?"

जाऊन पाहिलं तर आमची जुनी अंड्यावरची कोंबडी एका जागी गोल गोल फिरत होती, मान उलटी होऊन चोच पार पाठीकडं गेलेली, दाण्यावर चोच मारायला जायची अन् भलतीकडंच पडायची. बुडाशी हिरवट पांढरी हगवण चिकटलेली. माय एवढंच बोलली, "मानमोडी आली बाप्पा."

अकरा दिवसात अठरापैकी पंधरा गेल्या. तीन उरल्या, त्यातली एक अजूनही चालताना मान हलवते.

आता चूक कोणाची ते सांगतो, माझीच. आठ दिवसांआधी मी बाजारातून तांबडा झोकदार कोंबडा आणला होता, स्वस्तात भेटला म्हणून खुश होतो. बाजारातच तो जरा पेंगत होता, पण मला वाटलं उन्हानं असेल, पाय बांधून आणलाय बिचारा. घरी आल्या आल्या सोडला बाकीच्यांमध्ये. तिसऱ्या दिवशी त्याचं आरवणं बंद, पाचव्या दिवशी मेला. नंतर समजलं की गावात रोग शिरला की लोक आधी कोंबड्या बाजारात नेतात, मरायच्या आधी दोन पैसे सुटतील म्हणून. म्हणजे स्वस्त कोंबडा कशापायी स्वस्त असतो ते मी पंधरा कोंबड्या घालवून शिकलो.

मानमोडी म्हणजेच राणीखेत. उत्तराखंडात राणीखेत नावाचं थंड हवेचं गाव आहे, १९२०च्या दशकात आपल्या देशात हा रोग तिथं दिसला म्हणून ते नाव चिकटलं, बाहेर त्याला न्यूकॅसल म्हणतात. हा विषाणूचा रोग, त्यामुळं औषध नाही. मी लसूण दिला, हळद दिली, मेडिकलातून माणसाच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून पाण्यात घोळून पाजल्या, सगळा पैसा पाण्यात. एकदा लागला की लागला, जे काय करायचं ते लागायच्या आधी.

आधी काय करायचं, तर लस. लहान पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, अन् आठ आठवड्यांची झाली की आरटूबी नावाच्या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन, अर्धा मिली, पंखाखालच्या कातडीत. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला आरटूबी टोचू नका, झेपत नाही त्यांना. आजारी कोंबडीलाही नाही. अन् टोचायच्या आठ दिवस आधी जंताचं औषध पाजून घ्या.

इथपर्यंत सगळे सांगतात. खरी गोची पुढं आहे. बाटली येते शंभर डोसची, अन् गावात कोणाकडं आठ तर कोणाकडं पंधरा कोंबड्या. पन्नास मिली सलाईनमध्ये पावडर घोळली की दोन तासांच्या आत संपवायची, उरलेलं उद्याला चालत नाही. बरं पूर्ण वेळ ते थंडच पाहिजे, अन् आमच्याकडं लाईनचा काय भरोसा. गुरांच्या दवाखान्यात गेलो तर तिथला माणूस म्हणे, "एवढ्याशा कोंबड्यांसाठी बाटली फोडू का?" तेव्हा राग आला होता, पण त्याचंही चूक नव्हतं.

मग गल्लीतच फिरलो. सात घरं, मोठ्या कोंबड्या मोजल्या तर एकाहत्तर निघाल्या. समोरच्या काकू आधी नाहीच म्हणत होत्या, "टोचल्यावर अंडे बंद होतात, माह्या कोंबड्यायले काही होत नाही." चार पाच दिवस अंडी कमी होऊ शकतात, ते खरं आहे, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या कोंबड्या दिवसभर आमच्याच उकिरड्यावर असतात, त्या सुटल्या तर बाकीच्यांचं टोचून काय फायदा? शेवटी माय गेली समजवायला, तेव्हा तयार झाल्या.

रात्री सगळ्यांनी कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवल्या, नाहीतर सकाळी कोण पकडणार एकेक. बर्फ मासोळीवाल्याकडून आणला, थर्मासला मासोळीचा वास तो वेगळाच. सहा वाजता सुरू केलं, एक धरणारा, एक टोचणारा, अन् पोरं हिशोब ठेवायला. साडेसातला मोकळे. उरलेलं औषध अन् बाटली चुलीवर खळखळ उकळून मग खड्ड्यात पुरली.

आता नवीन पक्षी आला की तीन आठवडे गोठ्याच्या मागं वेगळा, त्याचं पाणी वेगळं, अन् त्याला दाणा टाकायला मी सगळ्यात शेवटी जातो. मेलेली कोंबडी नाल्यात फेकायची नाही, कुत्रे ओढत गावभर नेतात, खोल खड्डा करून वरून चुना टाकायचा. तेव्हाही मी खुराडा महिनाभर रिकामा ठेवून चुन्यानं सारवला अन् मगच नवीन तलंगा आणल्या.

बाकी बारीकसारीक आहेच. कोंबडीला घाम येत नाही, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ती चोच उघडी टाकून धापा टाकते, म्हणून दाणा सकाळ संध्याकाळच, दुपारी फक्त सावलीत खापरात थंड पाणी. उवा पडल्या तर कोंबड्यांना लोळायला राखेचा खड्डा. अन् हो, मध्ये अंड्याचा बलक हिरवट काळपट निघायला लागला, बायको म्हणे रोग परत आला, नंतर कळलं कोंबड्या बैलाच्या गव्हाणीतली सरकीची ढेप खाऊन राहिल्या होत्या, सरकीत गॉसिपॉल असतं त्यानं रंग बदलतो. ढेप झाकून ठेवली, काही दिवसांनी बलक पिवळा. पेरणीच्या दिवसात औषध लावलेलं रंगीत बियाणं मात्र अंगणात सांडू देऊ नका, ते खाल्लं तर कोंबडी संध्याकाळही पाहत नाही.

परवा सहा महिने झाले म्हणून पुन्हा बाटली आणायची आहे. या वेळी काकूच आधी येऊन विचारून गेल्या, "कधी टोचता रे भाऊ? अन् बर्फ दुसरीकडून आण, मागच्या टायमाले घरभर वास सुटला होता."