तुम्ही विचारलंत म्हणून: बसऱ्याहून न आलेले आजोबा

"तुमचे थोरले आजोबा तुम्हाला सापडले तरी कसे? आमच्याकडे तर नुसतं नाव आहे." पहिल्या महायुद्धात घरातलं कोणी गेलं होतं असं ज्यांना ठाऊक आहे, ते हे मला हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडेही नुसतं नावच होतं.

ते नाव होतं एका तबकडीवर. चिपळूणजवळच्या आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ती उभी असायची. वीतभरही रुंद नाही, पण हातात घेतली की वजन जाणवायचं. त्रिशूळ घेतलेली एक बाई, तिच्यासोबत सिंह, कडेने इंग्रजी अक्षरं आणि एका चौकटीत उठावदार नाव. आजी तिला देवीच मानायची. दर दसऱ्याला चिंचेने घासायची. घासून घासून सिंहाचं तोंड सपाट झालं होतं आणि नावातली दोन अक्षरं बोटाने चाचपूनच कळत. ती बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं बाईच्या रूपातलं प्रतीक, आणि युद्धात गेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने अशी तबकडी पाठवली होती, हे मला चाळिशीत कळलं. मरणात सगळे सारखे म्हणून तिच्यावर हुद्दा घातलेला नाही. पलटण नाही, नंबरही नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: घरात पदक असेल तर त्याची कड बघा. राजाचं तोंड, मागे घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं असलेलं चांदीचं पदक असतं. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग घ्या, उन्हात धरा. हेच पदक चांदीऐवजी काशाचं असेल तर माणूस बहुधा मजूर तुकडीत होता. मग पलटणींच्या याद्या धुंडाळण्यात वर्षं घालवू नका. आमचं पदक चांदीचं होतं. आत्याच्या लग्नात त्याची जोडवी झाली. नंबर त्यात वितळला.

मग राहिली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) युद्धात गेलेल्यांची यादी. ती इंटरनेटवर फुकट बघता येते. आजोबांच्या नावाचे मला नऊ जण मिळाले. आपल्याकडे एकेका गावात त्या नावाचे चार असतात, तेव्हा नवल नाही. पण बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो, आणि माणूस पक्का होतो तो तिथेच. फक्त वाचताना कान उघडे ठेवा. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलंय. पवारांचे पोवार होतात, ळ चा ल होतो. आमच्या गावाचं नाव मी मोठ्याने चार वेळा वाचलं तेव्हा ओळखीचं लागलं. जिल्हेही तेव्हाचे धरा: सिंधुदुर्ग रत्नागिरीत, रायगड म्हणजे कुलाबा, आणि आजच्या सांगलीतली कितीतरी गावं साताऱ्यात.

पलटणीचा नंबर मिळाला तरी गोंधळ संपत नाही. १९२२ साली मराठा पलटणींचे सगळे नंबर बदलले. १०३ ची पहिली झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. आजच्या नावाने शोधाल तर हाती काही लागणार नाही. महार कुटुंबातले कोणी विचारतात तेव्हा मी १११व्या महार पलटणीचं नाव आधी सांगते. ती १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली.

आमचे आजोबा ११०व्या पलटणीत शिपाई होते. ती पूना डिव्हिजनमध्ये होती. ७ डिसेंबर १९१५ पासून ही डिव्हिजन आजच्या इराकमध्ये तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा गावात तुर्कांनी वेढली. २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली तेव्हा शिधा संपलेला होता, घोडे मारून खाल्ले जात होते. सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. भर उन्हाळ्यात त्यांना बगदाद, मोसुल, पुढे रास अल ऐनकडे चालवत नेलं, तिथे रेल्वेच्या कामाला लावलं. आजोबांच्या नोंदीतली तारीख त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली आहे. म्हणजे लढाईत गोळी लागून नव्हे, ते कैदेत असताना वारले.

त्यांची नोंद बसरा स्मारकाखाली आहे. तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसांची आठवण ठेवलीय. पण ती भिंत उभारली तेव्हा ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा. आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आजीने चिंचेने घासघासून जपलेलं नाव आणि भिंतीवरचा तो आकडा, दोन्ही एकाच माणसाचे.

घरात त्यांच्या जाण्याबद्दल दोन गोष्टी सांगत. कोणी म्हणे गोळी लागली, कोणी म्हणे तापाने गेले. शस्त्राने गेले असते तर घातचतुर्दशीला पान वाढलं असतं. पण तेही नक्की नाही, तिथीही नाही, म्हणून शंभर वर्षं त्यांचा म्हाळ सर्वपित्रीला, सगळ्यांच्यात. मी ती ऑगस्टमधली तारीख घेऊन एका जुन्या पंचांगासमोर बसले. श्रावण वद्य तृतीया निघाली. चुलतभावाला फोन केला, तर तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ताई, यंदा तृतीयेला त्यांचं पान वेगळं वाढतो."