माइकवर नाव राहिलं की

मराठवाड्यात लग्नाचा मुहूर्त टळतो तो बऱ्याचदा सत्कारांपायी. माइकवर यादी वाचली जाते, फेटा-शाल-नारळ होतं, आणि एखाद्या मामांचं नाव राहिलं की ते जेवायला न थांबता गाडीला किक मारतात. "मानाचे भुकेले" म्हणून आपण त्यांना मोडीत काढतो. हे मला अन्यायाचं वाटतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी यांनी सहकाऱ्यांसोबत १९९५ मध्ये मांडलं की स्वाभिमान हा एक मापक आहे. चारचौघं आपल्याला त्यांच्यात धरतात की नाही, हे तो सतत मोजत असतो. काटा खाली आला की दुखतं. मामांना नारळ नको असतो, आपण यांच्यातले आहोत याची खूण हवी असते. यजमानाने मांडवाच्या दारात हात धरून विचारपूस केली तर ती यादीपेक्षा जास्त पोचते.

ज्याची सगळी किंमत एकाच गोष्टीवर टांगलेली, त्याचा काटा कायम थरथरतो. मग ते नीटचे मार्क असोत, नोकरी असो, नाहीतर चौकातलं 'भावी सरपंच' फ्लेक्स. गोची अशी की दाखवलेलं रूप खऱ्यापेक्षा मोठं असलं, तर कौतुक त्या रूपाच्या खात्यावर जमा होतं. आतला माणूस उपाशीच राहतो, वर उघडं पडायची भीती. म्हणून पुढचं फ्लेक्स आणखी मोठं लागतं.

फ्लेक्स असो की स्टेटस, टाकण्याआधी ते नेमकं कुणी पाहावं असं वाटतंय, ती दोन-तीन नावं कागदावर लिहा. नावं सुचली तर सरळ फोन करा: "दादा, या कामात माझं काय बरं झालं, काय राहिलं?" 'लोकांनी' एवढंच सुचलं, तर कितीही लाइक आले तरी भागत नाही.

कौतुक करतानाही 'छान काम' पुरत नाही. "टँकर दोन तास उशिरा आला, तरी तुम्ही वस्तीची पाळी मोडू दिली नाही," असं कामावर बोट ठेवून त्याच दिवशी सांगा.

खेड्यातून लातूरला क्लासला आलेली पोरं, आपलं बोलणं ऐकून सगळे हसतील म्हणून शंका गिळतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. जवळपास निम्म्यांनी पाहिलं असणार, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात ध्यानात आला जेमतेम पाव जणांच्या. पहिल्याच आठवड्यात एक शंका वहीत एका ओळीत लिहा आणि वाचून विचारा. लांबवलं की भीती वाढते, कारण विचारलंच नाही तर कुणी हसलं नसतं हे कळायला वावच उरत नाही.