थांबत थांबत पंढरपूर

वारीला जायचं ठरलं तेव्हा मी पहिलं काय केलं असेल तर भागाकार. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, दिवस 18 धरा, म्हणजे रोजचे 14. बस्स एवढंच? मी तशीही सकाळी 6-7 चालते, डबल करायचं. मग चार महिने आधीपासून तयारी, मोबाइलवर ॲप, नवे शूज, रविवारी टेकडी, ताशी साडेपाचचा स्पीड यायला लागला आणि माझी मान ताठ. सासूबाई (आम्ही सगळे आईच म्हणतो) सोफ्यावर वाती वळत हे बघायच्या. त्यांची ही बाविसावी वारी, गुडघ्याचं दुखणं निघाल्यामुळे यंदा सोबत कुणीतरी जावं असं घरात ठरलं आणि ते कुणीतरी म्हणजे मी. एकदा घामाघूम होऊन आत आले तर म्हणाल्या, "एवढी घाई असेल तर एसटीनं जा की, सहा-सात तासांत पोचशील."

मला वाटलं टोमणा. टोमणाच होता, पण त्यात माहिती पण होती हे नंतर कळलं.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून माउलींच्या पालखीचं प्रस्थान. आम्ही दुपारपासून उभ्या. इंद्रायणीचा काठ, देऊळवाडा, गल्ल्या, जिकडे बघाल तिकडे पताका आणि टाळ, खांद्याला खांदा, पाऊस येतोय जातोय. मी लेस घट्ट बांधून, पाण्याची बाटली कमरेला अडकवून, शर्यतीला उभी राहिल्यासारखी. संध्याकाळ झाली, अंधार पडला, मग कधीतरी पालखी देवळातून बाहेर आली, जो काही जल्लोष झाला तो झाला, आणि मुक्काम कुठे, तर आळंदीतच, माउलींच्या आजोळघरी! म्हणजे 250 किलोमीटरच्या प्रवासाचा पहिला दिवस संपला आणि आपण अजून त्याच गावात. ॲपनं 9 हजार पावलं दाखवली. सगळी जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी खरं चालणं सुरू झालं, आळंदी ते पुणे, आणि त्या दिवशीच माझ्या चार महिन्यांच्या टेकडीचा निकाल लागला. झालं काय की दिंडी म्हणजे ज्याला जसं वाटेल तसं चालणारा घोळका नसतो, मला तसंच वाटत होतं. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे वीणेकरी, मग आम्ही बायका, कुणाच्या डोक्यावर तुळस कुणाच्या डोक्यावर पाण्याची कळशी. प्रत्येक दिंडीला नंबर. रथाच्या पुढे 27 दिंड्या आणि मागे तर शेकडो. ही सगळी शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली, ते शिंदे सरकारांच्या पदरी होते, त्यामुळे असेल पण यात लष्करी थाट आहे खरा, नंबर, चोपदार, घोडे, तंबू, सगळंच. तर सांगायचा मुद्दा असा की रथ थांबला की सगळं थांबतं. आणि रथ सारखा थांबतो. चौकात कुणी पादुकांना नारळ घेऊन आलंय, कुठे आरती आहे, कुठे विसावा आहे, कुठे नुसतीच गर्दी. दहा पावलं चाललं की उभं राहायचं. परत दहा. माझी मागची मावशी दर थोड्या वेळानं "माउली, सरका जरा पुढं" म्हणायची, आणि पुढं सरकायला जागा नसायची.

पायांचं काय होतं ते सांगते कारण हे कुणी आधी सांगत नाही. भराभर चालताना पोटऱ्या पंपासारखं काम करतात, रक्त वर ढकलतात. उभं राहिलं की तो पंप बंद, सगळं खाली साचतं, पाऊल सुजतं. त्यात पावसात मोजे भिजले की कातडी मऊ पडते आणि घासली की फोड. संध्याकाळी माझे अगदी मापाचे घेतलेले महागडे शूज अर्धा नंबर लहान झाले होते. आईंच्या पायात रबरी चप्पल, टाचा भेगाळलेल्या, आणि फोड एकही नाही. त्या रात्री मी सुईदोरा मागितला (फोडातून दोरा ओवायचा असतो म्हणे, डॉक्टर लोक नको म्हणतात, मी शेवटी नाहीच ओवला) तर त्यांनी काही न बोलता खोबरेल तेलाची बाटली पुढे केली, आणि राहुटीतली कोपऱ्यातली कोरडी जागा मात्र स्वतः पकडली. बावीस वाऱ्यांत माणूस काय शिकतो तर हे.

पुण्यात दोन मुक्काम. मला वाटलं आराम मिळेल, पण आराम केल्यावर पाय असे आखडले की जिना उतरताना मी लहान मूल उतरतं तशी मागे तोंड करून उतरले.

आणि मग पुणे ते सासवड. हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीसच्या आसपास किलोमीटर, त्यात दिवेघाट. म्हणजे 14 चा भागाकार तिथंच मेला. दिवेघाटाचे फोटो आपण दरवर्षी पेपरात बघतो, खालपासून वरपर्यंत माणसांची वळणं, पताका, मधे रथ. फोटो वरून काढलेला असतो हो. आतून काय दिसतं तर पुढच्या माणसाची पाठ. माझ्यापुढे एका काकांच्या पिशवीवर खताच्या कंपनीचं नाव होतं, मी अख्खा घाट ते वाचत चढले. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात घाटात, तरी मधे मधे थांबतातच, आणि थांबल्यावर कुणी बसत नाही. मी बसायला गेले तर आईंनी दंड धरला. "बसलीस तर उठणार नाहीस. उभ्या उभ्या विसावा घ्यायचा." म्हणजे कसा? तर एका पायावर भार, दुसरा सैल, मग बदलायचा, तोंडानं ज्ञानोबा-तुकाराम चालूच, त्या ठेक्यावर आपोआप भार बदलत राहतो. मी शेजारच्या बायकांकडे बघितलं, सगळ्या हेच करत होत्या. टाळकरी पावली खेळतात ती सुद्धा मला तेव्हा वेगळीच दिसली, दोन पावलं पुढे, एक मागे, फारसं पुढे न सरकता पाय हलते ठेवायचे. भक्ती आहेच, पण पोटऱ्यांचा पंप पण चालू राहतो की नाही! हे मी आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं तुला कळलं, आम्ही आपलं उगाच नाचत होतो."

सासवडला शूज पिशवीत गेले ते घरी येईपर्यंत. तिथं रस्त्याकडेला चांभार मंडळी वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत बसली होती, न्हावी दाढ्या करत होते, कुणी पाय चोळून देत होते. एका कॉलेजच्या पोरानं माझे पाय हातात घेतले तेव्हा मी इतकी अवघडले, नको नको म्हणत होते, तर तो म्हणाला माउली दुसरा पाय द्या. दिला.

जेजुरीबद्दल एवढंच की भंडारा मोज्यातून निघत नाही. पांढरे मोजे होते.

दिवस साधारण असा असतो. पहाटे तीनला कुणाचा तरी मोबाइल वाजतो, मग सगळ्यांचे. अंधारात टँकरपाशी अंघोळीला रांग, त्याआधी फिरत्या संडासाला रांग, मग चहाला रांग (थांबायचा सराव दिवस उजाडायच्या आत सुरू). सामान ट्रकमध्ये टाकायचं, ट्रक पुढे जातो. तो पुढे जाऊन तळावर राहुट्या ठोकणार आणि स्वयंपाक करणार, म्हणजे आपण दिवसभर खरं तर आपल्याच ट्रकच्या मागे चालत असतो. दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरलेली असते त्यात जेवणखाण आलं. पिठलं, भाकरी, ठेचा, कधी शिरा. मला आधी वाटायचं एवढं चालताना माणसाच्या मनात काहीतरी मोठं येत असेल. माझ्या मनात काय असायचं ते खरं सांगते, पुढच्या विसाव्याला चहा मिळेल का आणि छत्री ट्रकमध्ये राहिली का. पंढरपूर हा शब्द दिवस दिवस आठवायचा नाही. कुणाला विचारलं अजून किती राहिलं, तर उत्तर पुढच्या विसाव्याचंच मिळायचं.

पण मला सगळ्यात आवडली ती संध्याकाळची समाजआरती. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, शेकडो टाळ आणि मृदंग एकदम, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जाणार नाही असा आवाज. मग चोपदार दंड वर करतात. आणि तो सगळा आवाज एका क्षणात बंद. म्हणजे पंखा बंद केल्यावर तो फिरत फिरत थांबतो तसं नाही, एकदम. लांब कुठेतरी पोर रडत असेल ते ऐकू येतं. आणि गंमत म्हणजे कुठल्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, काय झालं विचारतात, कुणी रांगेत घुसलं, जागेवरून भांडण, जे असेल ते तिथंच मिटवायचं. हरवल्या-सापडल्याची पुकार होते, मग आरती. मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगचा विचार करत होते, तिथं कंप्लेंट करायला सगळे एकदम बोलतात. इथं सगळे गप्प आणि ज्याला बोलायचंय त्याचा फक्त टाळ. एकदा जवळच्याच एका दिंडीचा वाजत राहिला, तर आई टाचा उंचावून बघत होत्या, कोण आहे, काय झालं, अगदी गॅलरीतून बघितल्यासारखं. गुडघा वगैरे काही दुखत नव्हता तेव्हा.

नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान झालं आणि पालखी सातारा जिल्ह्यात आली. लोणंदचा मुक्काम तिथीप्रमाणे कमी-जास्त होतो, म्हणजे पंचांग पण सांगतं, थांबा. लोणंद सोडल्यावर तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब, तिथं पहिलं उभं रिंगण. दिंड्या रस्त्यावरच दोन बाजूंना सरकून मधे वाट करतात आणि त्या वाटेनं घोडे पळतात. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन घोडे, एकावर स्वार, दुसरा रिकामा. रिकामा म्हणायचं नाही खरं तर, त्यावर माउली बसलेले असतात. आम्ही तिथं किती वेळ उभ्या होतो सांगता येत नाही, ऊन होतं, मग पाऊस आला, मग परत ऊन. आणि घोडे? आले आणि गेले! मी डोळ्यातला घाम पुसत होते तेवढ्यात गेले. नुसता टापांचा आवाज, आणि लगेच लोक खाली वाकून टापांखालची माती कपाळाला लावायला लागले. मी पण वाकले आणि त्या गर्दीत कुणाचं तरी ढोपर नाकावर बसलं. आई म्हणाल्या दिसला का. मी म्हटलं दिसला. (नव्हता.) पुढे सदाशिवनगरला गोल रिंगण होतं, तिथं मात्र नीट दिसला, मोकळा घोडा वळणावर कलत जातो ना, ते मी विसरणार नाही.

मधले दिवस एकमेकांत मिसळलेत. फलटणला तळ चक्क विमानतळावर, त्यावरून जे विनोद व्हायचे ते सगळे झाले. बरड, नातेपुते, माळशिरस. ॲप कधीतरी नातेपुत्याच्या आसपास बंद केलं, मोठा त्याग वगैरे नाही, चार्जिंगच नव्हतं, आणि मिळालं तेव्हा घरी फोन करायचा होता.

आणि मग वेळापूरच्या अलीकडे तो उतार. इथून तुकाराम महाराजांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं म्हणतात, म्हणून तिथं सगळे धावतात. धावा म्हणतात त्याला. म्हणजे दोन आठवडे ज्यांनी मला दहा-दहा पावलांवर उभं केलं तेच लोक आता एकदम पळायला लागले, टाळ, वीणा, तुळशी सगळ्यांसकट! माझा तर चार महिन्यांचा सराव याचसाठी होता. पण पाय उठेनात, इतके ते थांबायला सवकले होते. आणि माझ्या बाजूनं नऊवारीचा काष्टा घट्ट करून रबरी चपला हातात घेऊन आई पुढे गेल्या. उताराच्या तळाशी कमरेवर हात ठेवून माझी वाट बघत उभ्या होत्या.

वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. तिथून पंढरपूर जेमतेम 7-8 किलोमीटर, टेकडीवर माझा दीड तास. आम्हाला अख्खा दिवस लागला. कारण पालख्यांचा क्रम ठरलेला, नामदेवरायांची पालखी पंढरपुरातून सामोरी येते, आणि ज्ञानोबारायांची सगळ्यात शेवटी. म्हणजे आपण उभे, आणि एकेक संत पुढे चाललेत. आईंच्या शेजारच्या एक आजी तेवढ्यात उभ्यानंच डुलकी काढत होत्या, एका पायावर भार, दुसरा सैल.

दर्शनाची बारी इतकी लांब होती की आईंनी तिकडे बघितलं पण नाही. चंद्रभागेत बुडी मारली, नामदेव पायरीशी डोकं टेकलं, मान वर करून कळसाला हात जोडले, झालं. मी म्हटलं आई, एवढं चालत आलो आणि आत जायचं नाही? "तो काय बसलाय का आत," त्या म्हणाल्या, "तो पण उभाच आहे. कार्तिकीला बघू."

एसटी स्टँडवर गाडी लागली तेव्हा आत मुंगी शिरायला जागा नव्हती. कंडक्टर ओरडत होता, मागची गाडी अर्ध्या तासात आहे, बसायला मिळेल, थांबा. मी आईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातली शूजची पिशवी घेतली, खिडकीतून आत कुणाच्या तरी मांडीवर टाकली आणि म्हणाल्या, "चढ. उभ्यानं जाऊ."